टाके निघाले, पण जखम बरी झाली का?

मागच्या सुगीतली गोष्ट. सोयाबीन काढणीची घाई चालली होती. रोज दुपारी आभाळ भरून येई आणि पाऊस पडायच्या आत ढीग झाकायची ज्याची त्याची धडपड. अशाच एका दिवशी तिसऱ्या प्रहरी एक जोडपे मोटारसायकलवरून दवाखान्यात आले. वहिनींच्या डाव्या हाताला जुन्या धोतराचा बोळा गुंडाळलेला आणि तो लालभडक झालेला. विळा निसटून करंगळीखाली, तळहाताच्या कडेला लागला होता.

बोळा सोडला तर आत हळद, तंबाखूचा चुरा आणि दगडी पाल्याचा चोथा यांचा लगदाच. हा पाला बांधावर सगळीकडे उगवतो, काही भागांत त्याला कंबरमोडी म्हणतात. तो सगळा लगदा धुऊन काढायला मला अर्धा तास लागला. बोटे वाकतात का, करंगळीला स्पर्श कळतो का, ते पाहिले. शीर, स्नायूची दोरी, काही तुटले नव्हते. सहा टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. दहाव्या दिवशी टाके काढले तेव्हा जखमेचे तोंड छान मिटलेले होते. वहिनी हसत घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी दोघे पुन्हा दारात. आता चेहरे उतरलेले. आदल्या दिवशी सकाळी भरलेला हंडा उचलताना हाताला कळ आली आणि जखम कडेने उसवली. तशाच हाताने त्यांनी म्हशीची धार काढली, शेण भरले. दुसऱ्या दिवशी हात सुजला, पू आला.

दादा जरा नाराजीनेच म्हणाले, "डागदर, टाके कच्चे पडले व्हते का?"

टाके कच्चे नव्हते. पण माझ्याकडून एक चूक झाली होती. टाके काढताना मी फक्त "आता बरं आहे" एवढेच म्हणालो. जखम मिटलेली होती, बरी झालेली नव्हती, हे सांगायचे राहून गेले. सुगीच्या दिवसांत दवाखान्यात गर्दी असते हे खरे, पण ते वाक्य सांगायला अर्धे मिनिट लागले असते. ते त्या दिवशी राहिले म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

आपले शरीर जखम कशी भरते, ते आधी पाहू.

कातडी कापली गेली की पहिल्या काही क्षणांत कापलेल्या रक्तवाहिन्या स्वतःच आवळून घेतात. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. रक्ताच्या एका लहानशा थेंबातही ते लाखोंच्या हिशेबात असतात. हे कण कापलेल्या जागी चिकटतात, एकमेकांना धरतात आणि बुजगा तयार करतात. पाठोपाठ रक्तातल्याच एका पदार्थाचे धागे होतात आणि त्या बुजग्यावर जाळे विणले जाते. बांध फुटल्यावर आपण आधी दगडगोटे टाकतो, मग काटक्या-पाचट अडकवतो आणि वर माती ओढतो, तसाच हा प्रकार. साध्या जखमेत हे काम काही मिनिटांत होते. आपण मात्र दर अर्ध्या मिनिटाला फडके उचलून "थांबलं का?" म्हणून बघतो आणि नुकताच धरलेला बांध आपल्याच हाताने फोडतो. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, हात वर उचलून ठेवावा आणि दहा मिनिटे न बघता थांबावे. बहुतेक वेळा एवढे पुरते.

दुसरे काम सफाईचे. पहिले दोन-तीन दिवस जखमेभोवती लाली येते, ती जागा गरम लागते, सुजते, ठणकते. ही चार लक्षणे रोममधल्या सेल्सस नावाच्या लेखकाने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. आपल्याला वाटते जखम बिघडली. पण थोडी सूज ही बिघाड नव्हे, ती कामाची धांदल आहे. तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि जंतूंना गिळू लागतात. दोन दिवसांनी त्यांच्या मदतीला आणखी मोठ्या पेशी येतात. त्या मेलेले मांस, रक्ताच्या गुठळ्या, मेलेले जंतू असा सगळा कचरा उचलतात आणि पुढच्या कारागिरांना बोलावणेही धाडतात. ही सफाई झाल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही. नांगरट आणि वखरणी केल्याशिवाय आपण पेरणी करतो का?

म्हणून "सूज लगेच उतरवणारी गोळी द्या" असा हट्ट धरू नये. काही जण परस्पर दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेतात. सूज उतरते खरी, पण जखम भरण्याचे कामही रेंगाळते. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, लाली पसरत चालली असेल, हातावरून वर लाल रेघ चढत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप भरला असेल, तर ती धांदल राहिली नाही, जंतूंनी शेत बळकावले असे समजून दवाखाना गाठावा.

तिसरे काम भरणीचे. वहिनींच्या उसवलेल्या जखमेत ते आम्हाला रोज उघड्या डोळ्यांनी दिसत होते, कारण ती जखम मी पुन्हा शिवली नाही. दादांना त्याचेही नवल वाटले. पण आत पू आणि घाण असताना वरून टाके घालणे म्हणजे घरात चोर असताना बाहेरून कडी लावण्यासारखे. सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे की जखमेतली धूळ, केस, नखे, हाडाचे सुटे तुकडे काढून मगच शिवावे, नाहीतर ती पिकते. कित्येक शतके जुना सल्ला, पण आजही पदोपदी उपयोगी पडतो. तेव्हा ठरले की जखम धुऊन उघडी ठेवायची, वर पट्टी बांधायची आणि तिला तळापासून भरू द्यायचे.

आठवडाभरात पू ओसरला आणि तळाला डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, ओलसर, दाणेदार काहीतरी दिसू लागले. वहिनींच्या सासूबाई सोबत आल्या होत्या. त्या घाबरल्या. "अगं बाई, मांस सडलं की काय! चोळून काढा ते." मी म्हणालो, "मावशी, हे सडकं नव्हे, हे नवं पीक आहे." याला मांसांकुर म्हणतात. केसापेक्षा बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या जखमेच्या तळातून फुटतात आणि त्यांच्याभोवती कोलॅजन नावाचा धागा विणणाऱ्या पेशी कामाला लागतात. कातडी, हाडे, स्नायूंच्या दोऱ्या, सगळ्यांचा ताणाबाणा याच धाग्याचा. मांसांकुर इतके नाजूक असतात की पट्टी ओढून काढली तरी भळकन रक्त येते. म्हणून चिकटलेली पट्टी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवावी आणि मग हलक्या हाताने सोडवावी.

तळ भरत आला की कडेची कातडी आत सरकू लागते. तिच्या पेशी कडेकडून मध्याकडे अक्षरशः रांगत येतात. शिवाय जखमेतल्या काही पेशी चक्क आवळतात आणि जखमेच्या कडा जवळ ओढतात. त्यामुळे जखम दिवसेंदिवस लहान होत जाते. टाके घातलेल्या जखमेत रांगायचे अंतर केसाएवढेच असते, म्हणून वरची कातडी एक-दोन दिवसांतच सांधते. उघड्या जखमेला आठवडे लागतात.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कातडी सांधली म्हणजे जखम मिटली. पण आत विणलेला धागा या वेळी कच्चा असतो, कसाही आडवातिडवा पडलेला असतो. चौथे काम त्यानंतर सुरू होते आणि ते सर्वांत लांबते. शरीर तो कच्चा धागा थोडा थोडा उसवून त्या जागी पक्का धागा घालते, ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने तो लावून घेते, धाग्याला धागा बांधते. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. वण आधी लाल, उंच, खाजरा असतो आणि मग हळूहळू फिका, सपाट, मऊ होतो, तो याच कामामुळे.

याचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साधारण आठवडा-दहा दिवसांनी टाके निघतात तेव्हा त्या जागेची मजबुती मूळ कातडीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी असते. तीन आठवड्यांनी ती फार तर पाव हिश्श्याच्या आसपास येते. तीन महिन्यांनी सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि तिथेच थांबते. शंभर टक्के कधीच होत नाही. वहिनींनी हंडा उचलला तेव्हा त्यांच्या तळहाताची ती कड दहा आण्यांचीही नव्हती, दीड-दोन आण्यांची होती.

"मग टाके तीन महिने ठेवायचे ना!" दादा म्हणाले. प्रश्न बरोबर होता. पण टाका हा शरीराला परका दोरा. फार दिवस ठेवला तर त्याच्याच वाटेने जंतू आत शिरतात आणि टाक्यांचे वेगळे वण पडतात. टाक्यांचे काम कडा जवळ धरण्यापुरते. पुढचा सांभाळ माणसाने स्वतः करायचा.

बोलता बोलता मी दादांना विचारले, "बैलाचा खांदा आला तर काय करता?" ते लगेच म्हणाले, "खांदा पुरता बसल्याबिगर जू ठेवत न्हाई. वर कातडं आलं तरी आनखी आठ-पंधरा दिस सोडतो. न्हाईतर पुन्हा सोलतो." खोली क्षणभर गप्प झाली. सासूबाईंनी सुनेकडे पाहिले. मी पुढे काही बोललो नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळणारी आपण माणसे. खांद्याचे शास्त्र आपल्याला ठाऊक नाही असे कोण म्हणेल?

विश्रांती म्हणजे हात गळ्यात अडकवून महिनाभर निजून राहणे, असेही नाही. बोटांची हालचाल चालू ठेवायची, नाहीतर वण आखडतो आणि बोटे ताठतात. ताण येईल, ओझे पडेल, घाण लागेल असे काम तेवढे टाळायचे.

सासूबाईंकडून आणखी एक गोष्ट कळली. जखम झाल्या दिवसापासून त्यांनी सुनेचे आंबट बंद केले होते. लिंबू नाही, ताक नाही, चिंच नाही. डाळ आणि अंडी यांनी पू धरतो म्हणून तीही बंद. नुसती भाकरी, मीठ आणि दुधाचा चहा. हे त्या सुनेच्या काळजीपोटीच करीत होत्या, त्यात वाईट हेतू नव्हता. आपल्या घरोघरी हा समज आहे. पण खरे अगदी उलट आहे, आणि त्याची एक हकीकत समुद्रावरची आहे.

१७४० साली इंग्लंडहून अ‍ॅन्सन नावाचा आरमारी अधिकारी जहाजे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. महिनोन्‌महिने खलाशांना ताजी भाजी नाही, फळ नाही. नुसती सुकी बिस्किटे आणि खारवलेले मांस. खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग झाला. हिरड्या सुजल्या, अंगावर काळेनिळे डाग आले आणि माणसे पटापट मेली. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची नोंद आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइन नदीकाठच्या लढाईत तो जखमी झाला होता. त्या जखमा भरून पन्नास वर्षे झाली होती. स्कर्व्ही झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या.

पन्नास वर्षांची जखम कशी उसवेल? कारण वणातला धागा एकदा विणून संपत नाही. जुना धागा झिजतो, शरीर तो काढून टाकते आणि नवा घालते, हे आयुष्यभर चालू असते. नवा धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की काढणे चालू राहते आणि घालणे बंद पडते. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीच्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले ते आठवड्याच्या आत हिंडूफिरू लागले.

पुढे १९३९-४० साली अमेरिकेत बोस्टनच्या क्रँडन नावाच्या तरुण शस्त्रवैद्याने स्वतःवरच प्रयोग केला. त्याने क जीवनसत्त्व नसलेलेच अन्न खायचे ठरवले. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम छेद घेतला, तो नीट भरला. सहा महिन्यांनी पुन्हा छेद घेतला. दहा दिवसांनी पाहिले तर वरची कातडी तेवढी सांधलेली आणि आत काहीच भरलेले नाही! क जीवनसत्त्व देऊ लागताच तीच जखम आतूनही भरून आली. वरून मिटणे आणि आतून भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ कोण दाखवणार?

वहिनींची जखम दोन आठवडे लिंबू न खाल्ल्याने उसवली असे मात्र मी म्हणणार नाही. क्रँडनला सहा महिने लागले. ती उसवली हंड्याच्या वजनाने. पण आधीच अंगात रक्त कमी, खाणे बेताचे आणि वरून हे पथ्य, अशी आपल्याकडच्या कितीतरी बायकांची स्थिती असते. नवे मांस हवेतून येत नाही. डाळी, शेंगदाणे, दूध, ताक, अंडी, चालत असेल तर मासळी, यांतूनच त्याचा माल मिळतो. क जीवनसत्त्वासाठी बाजारची गोळी कशाला? एका पेरूत मोठ्या माणसाला दिवसभर पुरून उरेल इतके ते असते. आवळ्यात भरपूर, लिंबात, हिरव्या मिरचीत, कोथिंबिरीत, शेवग्याच्या पाल्यातही आहे. शिजवताना ते बरेच नासते, म्हणून लिंबू ताटात पिळावे.

मशेरीबद्दलही बोलायला हवे. वहिनी दिवसातून तीनदा मशेरी लावीत, दादा बिडी ओढीत. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. जखमेला माल पोचवणारी पायवाटच अरुंद होते. निदान जखम भरेपर्यंत तरी मशेरी सोडा म्हटले. त्या "बघते" म्हणाल्या. या शब्दाचा अर्थ आम्हा डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे!

आता जखमेवर काय लावावे, याकडे वळू. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. १५३७ च्या सुमारास फ्रान्सच्या सैन्यात अँब्रोझ पारे नावाचा तरुण शस्त्रवैद्य होता. त्या काळी बंदुकीच्या जखमेत उकळते तेल ओतीत. एके दिवशी तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे साधे मलम लावले आणि रात्रभर त्याला झोप आली नाही. उकळते तेल न मिळालेले सैनिक सकाळी मेलेले दिसतील, अशी भीती. सकाळी पाहतो तर तेच शांत झोपलेले आणि तेल ओतलेले तापाने, वेदनेने तळमळणारे. त्यानंतर त्याने उकळते तेल सोडले. आपल्याकडे अजून कुणी ट्रॅक्टरचे ऑइल, डिझेल, रॉकेल, चुना, बिडीची राख जखमेत भरते. जे डोळ्यात घालवत नाही ते जखमेत घालू नये, हा माझा साधा हिशेब. स्पिरिट आणि तीव्र जंतुनाशकेही उघड्या जखमेत वारंवार ओतू नयेत. जंतू मरतात, पण नव्या पेशीही मरतात.

हळदीचे काय? हळदीची महती मोठी आहे, तिच्यासाठी एक लढाई झाली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे पुरावे मांडले गेले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपल्या आज्यांचे ज्ञान नवे नव्हे, हे सिद्ध झाले. मात्र एवढेच सिद्ध झाले. डब्यातली किंवा दुकानातली हळदपूड जंतुरहित नसते. खोल जखमेत ती मूठभर दाबली की तिचाच खडा होतो आणि तळाची घाण झाकली जाते. खरचटलेल्यावर चिमूटभर हळद लावली म्हणून मी कुणाला रागावत नाही. पण हळद हा धुण्याला पर्याय नव्हे.

धुणे हेच पहिले औषध. पिण्याजोग्या स्वच्छ पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटे सोडावी, भोवतीची कातडी साबणाने धुवावी. कुत्रे चावले असेल तर जखमही साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, रेबीजची लस घ्यावी.

"जखम उघडी ठेवा, वाळू द्या" असेही आपण ऐकत आलो. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले की प्लॅस्टिकच्या पातळ कागदाखाली ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर वाळलेल्या जखमेच्या निम्म्या काळात कातडीने झाकली जाते. शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. जमिनीला पापडी धरली की अंकुर अडतो, आणि पाणथळ झाली की बी कुजते. जखमेलाही वाफसा लागतो. व्हॅसलिनची जाळीदार पट्टी, वर कोरडी स्वच्छ पट्टी, भिजली किंवा मळली की बदलायची. भिजलेली, चिखलाची पट्टी दोन दिवस तशीच ठेवणे हे मात्र पाणथळच झाले.

शेणामातीबद्दल मी कडक आहे. धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे पडून राहतात. खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते जागे होतात, आणि मग दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखे वाकते. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावण्याच्या चालीने पूर्वी किती बाळे गेली! लसीकरणाने आणि स्वच्छ बाळंतपणाने २०१५ साली बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात देशातून आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पण जंतू मातीतून गेलेले नाहीत. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो, तो चुकवू नका. मोठ्या माणसाला शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील आणि जखम खोल किंवा मळकी असेल, तर पुन्हा घ्यावे.

एकदा वहिनींसोबत त्यांचा सहावीतला मुलगा आला होता. पट्टी बदलताना तो टक लावून बघत होता. मग म्हणाला, "डॉक्टरकाका, पालीची शेपटी तुटली तर नवी येते. मग आईच्या हाताला एवढे दिवस का लागतात? आणि वण का राहतो?"

मोठमोठ्या प्रयोगशाळा याच प्रश्नामागे लागल्या आहेत, असे मी त्याला सांगितले. माणसाचे शरीर जखम झाली की हुबेहूब नवे बनवत बसत नाही. आधी भोक बुजवते. वण म्हणजे वाकळेला लावलेले ठिगळ. ते ऊब देते, पण त्यावर मूळ नक्षी नसते. वणावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही. तरी काही अवयव आपल्यातही भाग्यवान आहेत. यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला तरी ते वाढून पुन्हा जवळजवळ तेवढे होते. हाड वण न ठेवता जुळते, मात्र नीट बसवलेले आणि न हललेले असेल तर. लहान मुलांच्या बोटाचे अगदी टोक तुटले तर तेही कधी कधी पुन्हा येते. नस कापली आणि जोडली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत कित्येक महिने. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठाच नाही, म्हणून ती झिजली की फारशी भरत नाही. हृदयाचा मेलेला स्नायू तर ठिगळावरच राहतो. पोराने सगळे ऐकले आणि विचारले, "म्हणजे पाल आपल्यापेक्षा हुशार?" मी म्हटले, शेपटीपुरती!

मधुमेह असलेल्यांनी यातले काहीही स्वतःवर लागू करण्याआधी पाय तपासावेत. साखर वाढलेली असली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. त्यात पांढऱ्या पेशी सुस्तावतात, रक्तपुरवठा घटतो. ठणक नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि आधी बोट, मग पाऊल जाते. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवा कुणाकडून तरी बघून घ्यावा. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला सांगावे. अनवाणी शेतात जाऊ नये. पायाला लहानशी जखम दिसली तरी दुसऱ्याच दिवशी दाखवावी.

वहिनींची जखम पुरती मिटायला पुढे सहा आठवडे लागले. त्या काळात धार दादांनी काढली, पाणी शेजारच्या पोरींनी आणि पुढे दादांनीच आणले. दारू-पाण्याच्या गप्पा मारणारे पारावरचे लोक हसले म्हणे, "आता पदर घेनं तेवढं राह्यलं." दादांनी त्यांना काय उत्तर दिले ते इथे छापता येणार नाही.

संक्रांतीला दोघे तिळगूळ घेऊन आले. तळहाताच्या कडेला लालसर, जरा उंच वण होता, मूठ पूर्ण मिटत होती. वहिनींनी विचारले, "डॉक्टर, आता हंडा उचलू का?"

मी बोटांवर हिशेब केला. मिटून चार आठवडे झाले होते. "कळशी चालेल," म्हणालो. "भरलेला हंडा फाल्गुनात."

दादा म्हणाले, "फाल्गुन कशाला, हंडा आता माझाच."